चढाईपटूचे लिलावपूर्व मूल्यमापन

चढाईपटूचे लिलावपूर्व मूल्यमापन ही कबड्डीतील व्यावसायिक संघांनी खेळाडूंच्या लिलावाआधी राबवायची निवडप्रक्रिया होय. तीत तरुण चढाईपटूची शरीरयष्टी, कौशल्य, सामन्यांतील कामगिरी, दुखापतींचा इतिहास आणि पुढील वाढीची शक्यता यांचा अंदाज घेऊन त्याच्यासाठी किती रक्कम मोजावी हे ठरवले जाते. महाविद्यालयीन व विद्यापीठ स्पर्धांतून पुढे येणाऱ्या उंच चढाईपटूंबाबत ही प्रक्रिया विशेष अवघड मानली जाते. उंची आणि हातापायांचा पल्ला सहज मोजता येतो. मात्र तो पल्ला अनुभवी बचावफळीसमोर गुणांत रूपांतरित होईल की नाही, हे कनिष्ठ पातळीवरील सामन्यांतून खात्रीने कळत नाही. महाराष्ट्रात सांगली, सातारा व कोल्हापूर या जिल्ह्यांतून अनेक चढाईपटू व्यावसायिक स्पर्धेत गेले असल्याने या भागात हा विषय महत्त्वाचा ठरला आहे.

पार्श्वभूमी

प्रो कबड्डी लीग २६ जुलै २०१४ रोजी आठ संघांसह सुरू झाली. २०१७ मध्ये संघांची संख्या बारा झाली. त्यापूर्वी चांगल्या कबड्डीपटूचे ध्येय प्रामुख्याने नोकरी मिळवणे हे असे. रेल्वे, पोलीस, एअर इंडिया, बँका, तेल कंपन्या व खासगी उद्योगसमूह आपापल्या संघांसाठी खेळाडूंना नोकरीत घेत असत. या व्यवस्थेत निवड सावकाश होई व खेळाडूला पगाराची दीर्घकालीन हमी मिळे. लीगमुळे निवडीचा दुसरा मार्ग खुला झाला. त्यात खेळाडूची किंमत लिलावात काही मिनिटांत ठरते आणि करार ठरावीक हंगामांपुरता असतो.

लिलावासाठी खेळाडूंची अ, ब, क आणि ड अशा गटांत विभागणी केली जाते. २०२३ च्या लिलावात या गटांच्या पायाभूत किमती अनुक्रमे ३० लाख, २० लाख, १३ लाख व ९ लाख रुपये होत्या, तर प्रत्येक संघाची खर्चमर्यादा ५ कोटी रुपये होती. या मर्यादेत संपूर्ण संघ उभा करावा लागत असल्याने एका खेळाडूवर केलेला जादा खर्च इतर जागांवर परिणाम करतो. याशिवाय नव्या तरुण खेळाडूंना लिलावाबाहेर थेट करारबद्ध करण्याचीही तरतूद आहे.

महाविद्यालयीन खेळाडूंच्या दृष्टीने २०२२ चा लिलाव महत्त्वाचा ठरला. त्या वर्षी खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडा स्पर्धेतील अंतिम फेरी गाठणाऱ्या दोन संघांच्या २४ खेळाडूंचा लिलावाच्या यादीत समावेश करण्यात आला. विद्यापीठ संघातून थेट व्यावसायिक लिलावात जाण्याचा मार्ग त्यामुळे अधिकृत झाला.

खेळात उंचीचे स्थान

पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. मध्यरेषेने त्याचे ६.५ मीटरचे दोन भाग होतात. मध्यरेषेपासून निदान रेषा ३.७५ मीटरवर व बोनस रेषा तिच्यापुढे आणखी १ मीटरवर, म्हणजे ४.७५ मीटरवर असते. बोनस रेषेपासून अंतिम रेषेपर्यंत अवघे १.७५ मीटर अंतर उरते. बचावपटू बहुतांश वेळ याच पट्ट्यात उभे असतात. चढाईपटूला ३० सेकंदांत एका दमात आत जाऊन, स्पर्श करून किंवा बोनस घेऊन, मध्यरेषेपलीकडे परतायचे असते. अंतरे इतकी लहान असल्याने हाताच्या वा पायाच्या पल्ल्यातील काही सेंटिमीटरचा फरकही निर्णायक ठरू शकतो.

उंच चढाईपटूला पुढील बाबींत फायदा होतो.

– शरीराचा तोल मध्यरेषेकडे राखूनही त्याचा हात किंवा पाय बचावपटूपर्यंत पोहोचू शकतो.
– लांब टांगेमुळे बोनस रेषा कमी पावलांत ओलांडता येते.
– पकड झाल्यावर मध्यरेषेच्या दिशेने झेप घेताना लांब शरीर उपयोगी पडते. चढाईपटूच्या शरीराचा कोणताही भाग नियमानुसार मध्यरेषेपलीकडे पोहोचला, तर त्याला धरून ठेवणारे सर्व बचावपटू बाद होतात.

याच उंचीचे तोटेही आहेत. उंच खेळाडूचा गुरुत्वमध्य वर असल्याने कमरेत वाकून खेळण्यासाठी त्याला अधिक कष्ट पडतात. लांब पाय हे कोपरारक्षकाला घोटा पकडण्यासाठी सोपे लक्ष्य ठरते. पाय आत टाकल्यानंतर तो मागे घेण्यास लागणारा वेळही थोडा जास्त असतो.

वजनमर्यादेचाही यात वाटा आहे. वरिष्ठ पुरुष गटात खेळाडूचे वजन ८५ किलोपेक्षा जास्त असून चालत नाही. १७५ सेंटिमीटर उंचीच्या ८५ किलो वजनाच्या खेळाडूचा देहभार निर्देशांक सुमारे २७.८ येतो, तर १९० सेंटिमीटर उंचीच्या तेवढ्याच वजनाच्या खेळाडूचा सुमारे २३.५ येतो. त्याच मर्यादेत उंच खेळाडूला भरदार मांड्या व खांदे कमावण्यास कमी वाव राहतो. त्यामुळे महाविद्यालयीन वयात शिडशिडीत दिसणारा उंच खेळाडू पुढे किती ताकद कमावेल आणि ती कमावताना मर्यादेत राहील का, हा मूल्यमापनातील मूलभूत प्रश्न असतो.

मूल्यमापनाचे निकष

शारीरिक मोजमाप

उंचीसोबत दोन्ही हात पसरल्यावर होणारी लांबी, पायाची लांबी, वजन, जागेवरून उडी, थोड्या अंतरातील वेग व दिशा बदलण्याची चपळता तपासली जाते. कबड्डीत सरळ धावण्याच्या वेगापेक्षा थांबणे, वळणे आणि मागे सरकणे यांचा वेग अधिक उपयोगी असतो. उंच खेळाडू पहिल्या दोन पावलांत किती खाली राहतो व वळताना सरळ उभा होतो का, याचे निरीक्षण केले जाते. सरळ उभा होणारा चढाईपटू मध्यरक्षकाच्या धडकेत सहज सापडतो.

आकडेवारीचे वाचन

एकूण गुणांचा आकडा एकट्याने वाचल्यास दिशाभूल होऊ शकते. उदाहरणादाखल दोन काल्पनिक चढाईपटूंनी प्रत्येकी २० चढायांत १० गुण मिळवले असे मानता येईल. पहिल्याची ४ वेळा पकड झाली, तर दुसऱ्याची ९ वेळा. प्रत्येक पकडीचा एक गुण प्रतिस्पर्ध्याला मिळत असल्याने पहिल्याचे निव्वळ योगदान ६ गुणांचे, तर दुसऱ्याचे केवळ १ गुणाचे ठरते. पकडलेला चढाईपटू मैदानाबाहेर बसतो व प्रतिस्पर्ध्याचा बाद झालेला एक खेळाडू परत येतो, हे नुकसान याखेरीज असते.

गुण कोणत्या प्रकारचे आहेत हेही पाहिले जाते. बोनस गुण समोर सहा किंवा सात बचावपटू असतानाच मिळतो. त्याने कोणी बाद होत नाही, तसेच आपला बाद खेळाडूही परत येत नाही. लांब पायांच्या खेळाडूचे बहुतेक गुण बोनसचे असतील, तर समोर पाच किंवा त्याहून कमी बचावपटू उरल्यावर तो काय करतो, हे स्वतंत्रपणे तपासावे लागते. तीन किंवा त्याहून कमी बचावपटूंनी केलेल्या पकडीला, म्हणजे अव्वल पकडीला, जादा गुण मिळत असल्याने त्या वेळची चूक महागात पडते. सलग दोन निष्फळ चढायांनंतरच्या ‘करो या मरो’ चढाईत गुण न मिळाल्यास चढाईपटू बाद होतो. म्हणून अशा चढायांतील यश हा दडपणाखालील कामगिरीचा महत्त्वाचा निकष मानला जातो.

प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा

महाविद्यालयीन सामन्यात उंच चढाईपटूसमोर अनेकदा कमी उंचीचे व कमी अनुभवाचे बचावपटू असतात. त्यांच्याविरुद्ध केवळ हात लांबवूनही गुण मिळतात. व्यावसायिक स्पर्धेतील कोपरारक्षक मात्र पल्ल्याचा अंदाज घेऊन मागे सरकतो, मुद्दाम पाऊल आत येऊ देतो आणि पाय टेकताच घोटा धरतो. त्यामुळे राज्य अजिंक्यपद, राष्ट्रीय स्पर्धा किंवा नोकरदार खेळाडूंचे संघ सहभागी होणाऱ्या व्यावसायिक गटाच्या स्पर्धा यांतील थोड्या चढायांनाही महाविद्यालयीन हंगामातील मोठ्या आकड्यांपेक्षा अधिक वजन दिले जाते.

मॅट आणि माती

ग्रामीण भागातील बराच सराव मातीवर होतो, तर राष्ट्रीय व व्यावसायिक सामने मॅटवर बूट घालून खेळले जातात. मॅटवर पायाची पकड घट्ट असल्याने खेळ वेगवान होतो व वळताना गुडघ्यावर ताण येतो. मातीत वाढलेल्या खेळाडूला बुटांसह थांबण्याची व वळण्याची लकब नव्याने शिकावी लागते. त्याच्या पहिल्या काही मॅटवरील सामन्यांतील अपयश हे कौशल्याचे आहे की सवयीचे, हे ओळखणे परीक्षकाचे काम असते.

दुखापती

गुडघा, घोटा व खांदा हे चढाईपटूचे सर्वाधिक ताण सोसणारे सांधे आहेत. लांब हात पुढे टाकणाऱ्या खेळाडूचा खांदा पकडीच्या वेळी ओढला जातो. जुन्या दुखापतीवर योग्य उपचार झाले का आणि खेळाडू त्या बाजूने चढाई करणे टाळतो का, हे सामन्याच्या चित्रफितींवरून व वैद्यकीय तपासणीतून पाहिले जाते.

सांगली जिल्हा आणि जत

सांगली जिल्ह्याला कबड्डीची जुनी परंपरा आहे. वाळवा तालुक्यातील कासेगावचा काशिलिंग आडके आणि २०१४ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेतील सुवर्णपदक विजेत्या भारतीय संघातील नितीन मदने हे सांगली जिल्ह्यातील चढाईपटू प्रो कबड्डी लीगच्या सुरुवातीच्या हंगामांत खेळले.

जत तालुका जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, कर्नाटकाच्या सीमेवर आहे. हा अवर्षणप्रवण तालुका असून येथे मराठी व कन्नड या दोन्ही भाषा बोलल्या जातात. जत येथील राजे रामराव महाविद्यालय कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात कोल्हापूर, सांगली व सातारा हे तीन जिल्हे येतात. जतसारख्या ठिकाणच्या उंच महाविद्यालयीन चढाईपटूला परीक्षकांच्या नजरेत येण्यासाठी दोन मार्ग उपलब्ध असतात.

पहिला मार्ग विद्यापीठाचा आहे. महाविद्यालयाचा संघ प्रथम विभागीय व नंतर आंतरविभागीय स्पर्धेत खेळतो. तेथील कामगिरीवरून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. हा संघ पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो आणि तेथून अखिल भारतीय आंतरविद्यापीठ व खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेचा रस्ता खुला होतो. दुसरा मार्ग संघटनेचा आहे. त्यात खेळाडू स्थानिक मंडळाकडून खेळतो, जिल्हा निवड चाचणीतून सांगली जिल्ह्याच्या संघात येतो आणि राज्य अजिंक्यपद स्पर्धेतून महाराष्ट्राच्या संघासाठी निवडला जातो.

दोन्ही मार्गांत प्रत्येक टप्प्यावर सामन्यांची संख्या कमी असते. बाद पद्धतीच्या स्पर्धेत संघ पहिल्याच फेरीत हरला, तर चांगल्या चढाईपटूला वर्षभरात परीक्षकांसमोर ४० मिनिटांचा एकच सामना खेळायला मिळू शकतो. बलाढ्य महाविद्यालयाच्या संघातील मध्यम दर्जाचा खेळाडू मात्र अंतिम फेरीपर्यंत दिसत राहतो. अशा स्थितीत उंची हीच खेळाडूची पहिली ओळख ठरते. ती त्याला चाचणीपर्यंत नेते. तथापि त्याच्या खेळाविषयीची माहिती अपुरीच राहते. मूल्यमापनातील चुकांचे हे एक प्रमुख कारण आहे.

उल्लेखनीय उदाहरणे

काशिलिंग आडके

दबंग दिल्ली संघाकडून खेळताना काशिलिंग आडकेने २०१५ च्या दुसऱ्या हंगामात लीगमध्ये सर्वाधिक चढाई-गुण मिळवले. बचावपटूंच्या डोक्यावरून झेप घेऊन परतण्याच्या त्याच्या शैलीमुळे तो ओळखला गेला. पुढे २०१७ मध्ये यू मुंबा संघाने त्याला करारबद्ध केले. सांगलीच्या ग्रामीण भागातील खेळाडू लीगमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचू शकतो, हे त्याच्या कामगिरीने दाखवून दिले.

सिद्धार्थ देसाई

कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यातील हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई हा उंच व ताकदवान चढाईपटूचे ठळक उदाहरण मानला जातो. चाहत्यांत तो ‘बाहुबली’ या नावाने ओळखला जातो. २०१८ मध्ये यू मुंबाने त्याला ३६.४ लाख रुपयांना घेतले. त्या पदार्पणाच्या हंगामात त्याने २१८ चढाई-गुण मिळवले. २०१९ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १.४५ कोटी रुपये मोजले आणि तो त्या लिलावातील सर्वांत महागडा खेळाडू ठरला. त्या हंगामात त्याने २१७ चढाई-गुण मिळवले. बोली सुमारे चौपट झाली, गुण मात्र जवळपास तेवढेच राहिले.

२०२१ मध्ये त्याच संघाने त्याला १.३० कोटींना पुन्हा घेतले. पण खांद्याच्या दुखापतीमुळे तो हंगामातील बहुतेक सामन्यांना मुकला. २०२२ मध्ये त्याची किंमत २० लाखांवर आली. २०२३ मध्ये हरियाणा स्टीलर्सने १ कोटी, तर २०२४ मध्ये दबंग दिल्लीने २६ लाख रुपये मोजले. सहा वर्षांत एकाच खेळाडूच्या किमतीत झालेले हे चढउतार पाहता लिलावातील रक्कम ही गुणवत्तेचे स्थिर माप नसून त्या क्षणी संघांना असलेल्या गरजेचा, दुखापतीच्या धोक्याचा व आधीच्या हंगामाच्या स्मृतीचा एकत्रित परिणाम असतो, असे दिसून येते.

अस्लम इनामदार

अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील अस्लम इनामदार हा नव्या तरुण खेळाडूंच्या तरतुदीतून पुणेरी पलटण संघात आला. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेतील सुवर्णपदक विजेत्या भारतीय संघात त्याचा समावेश होता. दहाव्या हंगामात त्याच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने १ मार्च २०२४ रोजी हरियाणा स्टीलर्सचा २८–२५ असा पराभव करून प्रथमच विजेतेपद मिळवले. त्या हंगामाच्या सर्वोत्तम खेळाडूचा मानही त्याला मिळाला. त्याच संघाने इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईसाठी २.३५ कोटी रुपये खर्च केले होते. कमी खर्चात घडवलेले तरुण व एखादा महागडा अनुभवी खेळाडू यांच्या मेळातून विजेता संघ उभा राहू शकतो, याचे हे उदाहरण आहे.

बास्केटबॉलमधील निवडपद्धतीशी तुलना

उंच महाविद्यालयीन खेळाडूच्या मूल्यमापनाची सर्वांत विकसित पद्धत अमेरिकेच्या राष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या (एनबीए) वार्षिक ड्राफ्टमध्ये आढळते. तेथे खेळाडूंचा लिलाव होत नाही. दोन फेऱ्यांत संघ क्रमाने नवे खेळाडू निवडतात आणि आधीच्या हंगामात मागे राहिलेल्या संघांना वरचा क्रमांक मिळण्याची संधी जास्त असते. ड्राफ्टपूर्वी शिकागो येथे होणाऱ्या शिबिरात बुटांशिवाय उंची, उभ्याने हात वर केल्यावरचा पल्ला, पसरलेल्या हातांची लांबी व उडी यांची मोजणी होते. वैद्यकीय तपासणी आणि मुलाखतीही घेतल्या जातात.

एवढ्या तयारीनंतरही चुका टळत नाहीत. १९८४ च्या ड्राफ्टमध्ये पोर्टलंड संघाने दुसऱ्या क्रमांकावर केंटकी विद्यापीठाच्या सात फूट एक इंच उंचीच्या सॅम बोवीची निवड केली. पायाच्या दुखापतीमुळे तो महाविद्यालयीन काळात दोन हंगाम खेळू शकला नव्हता. तिसऱ्या क्रमांकावर शिकागो संघाने मायकेल जॉर्डनला घेतले. बोवीची व्यावसायिक कारकीर्द पुढेही दुखापतींनी खंडित झाली, तर जॉर्डनने सहा विजेतेपदे मिळवली. २०१५ मध्ये पंजाबमधील बल्लो के या गावचा, सात फूट दोन इंच उंचीचा सतनामसिंग भामरा याला डॅलस संघाने ५२ व्या क्रमांकावर निवडले. या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो भारतात जन्मलेला पहिला खेळाडू होय. मात्र मुख्य लीगमध्ये त्याला एकही सामना खेळायला मिळाला नाही.

दोन्ही पद्धतींत जोखमीची वाटणी वेगळी आहे. ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीतील नवख्या खेळाडूचे मानधन क्रमांकानुसार जवळपास निश्चित असते. त्यामुळे चुकीची निवड झाल्यास संघ मुख्यतः संधी गमावतो. लिलावात रकमेला वरची मर्यादा केवळ संघाच्या शिल्लक निधीची असते. भारतात अल्टिमेट खो-खो स्पर्धेने २०२२ च्या पहिल्या हंगामासाठी लिलावाऐवजी ड्राफ्टची पद्धत स्वीकारली.

मर्यादा व परिणाम

कोणतेही मूल्यमापन भविष्यातील दुखापत सांगू शकत नाही. २०२२ मध्ये तमिळ थलायवाजने पवन सेहरावतसाठी २.२६ कोटी रुपये मोजले, तेव्हा त्याच्या गुणवत्तेबद्दल कोणतीही शंका नव्हती. तरीही हंगामातील पहिल्याच सामन्यात गुडघ्याला झालेल्या दुखापतीमुळे तो उर्वरित हंगाम खेळू शकला नाही. सिद्ध खेळाडूबाबत ही अनिश्चितता असेल, तर विशीतील महाविद्यालयीन खेळाडूबाबत ती अधिक असते.

मूल्यमापनातील चुकीची किंमत दोन्ही बाजूंना सारखी पडत नाही. संघाकडे पुढच्या हंगामात दुसरा खेळाडू घेण्याचा पर्याय असतो. खेळाडूने मात्र चाचण्या व शिबिरांसाठी शिक्षणाची वर्षे दिलेली असतात. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत प्रावीण्यप्राप्त खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्याचा लाभ घेण्यासाठी विहित स्पर्धांतील प्राविण्याबरोबरच पदासाठी आवश्यक शैक्षणिक अर्हताही लागते. त्यामुळे पदवी पूर्ण करणे आणि राज्य व राष्ट्रीय स्पर्धांतील प्रमाणपत्रे जपून ठेवणे, हे लीगमध्ये निवड न झालेल्या खेळाडूसाठी उपजीविकेचे साधन ठरू शकते. जतसारख्या कोरडवाहू शेतीच्या तालुक्यातील कुटुंबांच्या दृष्टीने या पर्यायाचे महत्त्व विशेष आहे.

उंच चढाईपटूविषयीचा पहिला निष्कर्ष चुकण्याची शक्यता असल्याने, एका चाचणीऐवजी किमान दोन हंगामांतील व वेगवेगळ्या दर्जाच्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्धच्या चढाया पाहून निर्णय घेणे अधिक विश्वसनीय ठरते. जिल्हा व विद्यापीठ पातळीवरील सामन्यांच्या चित्रफिती व चढाईनिहाय नोंदी ठेवल्या गेल्यास दूरच्या तालुक्यांतील खेळाडूंची पारख केवळ उंचीवरून होण्याचे प्रमाण कमी होऊ शकते. अशी नोंद ठेवण्यासाठी प्रत्येक चढाईचा निकाल, समोरील बचावपटूंची संख्या व गुणाचा प्रकार एवढी माहितीही पुरेशी असते.

हे सुद्धा पहा

– कबड्डी
– प्रो कबड्डी लीग
– खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडा स्पर्धा
– शिवाजी विद्यापीठ
– जत तालुका